दप्तरी नोंदलेला निवाडा
मोशीच्या आमच्या वसाहतीत, चाकणच्या कारखान्यातील दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर परतलेला शेजारचा तरुण, वाढलेले ताट बाजूस सारून, संगणकापुढे एका परग्रहीय कीटकराणीस जिवंत सोडावे की तिच्याबरोबर तिच्या वंशाचाही उच्छेद करावा, या विवंचनेत निश्चल बसलेला मी या आठवड्यात पाहिला, आणि अशा खेळांना कालापव्यय म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांशी माझा मतभेद कायमचा पक्का झाला. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मास इफेक्ट’ या त्याच खेळाची खरी थोरवी त्याच्या दप्तरात आहे, कथानायक सेनानी शेपर्डच्या मुखत्यारीने खेळणाऱ्याने दिलेले महत्त्वाचे निवाडे तेथे नोंदले जातात, २०१० सालच्या दुसऱ्या भागात अभय दिलेल्या राणीचा निरोप येऊन पोहोचतो, आणि व्हर्मायर ग्रहावर ज्या सहकाऱ्यास मागे ठेवावे लागले, त्याची उणीव २०१२ सालच्या तिसऱ्या भागापर्यंत पाठ सोडत नाही. कादंबरीचा वाचक नायकाच्या कृत्याचा साक्षीदार असतो, येथे हुकूमनाम्यावरचा शिक्का खेळणाऱ्याचा स्वतःचा असतो (ताट पुन्हा गरम करणाऱ्या मातोश्रींना हे पटवणे मात्र दुर्घट!). १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आलेल्या जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ कथेस ज्या भाषेने आपले म्हटले, त्या भाषेतील लेखकांनी, इंद्रायणीकाठच्या या यंत्रनगरीतील अभियंत्यांना हाताशी धरून, असा एक खेळ अस्सल मराठी संवादांसह सिद्ध करावा, अशी माझी निःसंदिग्ध मागणी आहे.