लावणी : भाताची आणि स्टेजवरची

परवा हिंजवडीतल्या मैत्रिणीचा फोन. ‘‘अगं, अ‍ॅन्युअल डेला आमच्या टीममधली मुलं साडी नेसून लावणी करतायत. नऊवारी नेसवणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीत?’’ म्हटलं, धन्य! लॅपटॉप आले, एसी आले, पण गॅदरिंगचा हुकमी आयटम काही बदलत नाही.

आमच्या भोरच्या कॉलेजात तो दरवर्षी व्हायचा. मुलं साडीत, मुली धोतर-फेट्यात. २०१६ च्या डिसेंबरात तर नोटाबंदीमुळे भाड्याचा ड्रेस आणायला कुणाकडे सुटे पैसेच नव्हते. मग काय, आजोबांचं धोतर मी ढापलं आणि माझ्या पार्टनरनं आजीची नऊवारी पिशवीत कोंबून आणली. हा गडी वेल्ह्याचा. (तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण आमच्यासाठी तो वेल्हेकरच.) रोज चेलाडी फाट्यावर एसटी बदलून यायचा, बोलायचा कमी.

‘‘लावणी येते का रे?’’ मी विचारलं.

‘‘दर आषाढात करतो की.’’

भाताची! आम्ही पोट धरून हसलो.

पण स्टेजवर तो वाकला आणि आमची बोलती बंद. गुडघाभर चिखलात दिवसदिवस वाकणारी कंबर ती, थकणार थोडीच? शिट्ट्या मारणारी पोरं मिनिटभर गप्प झाली. शेजारी मी. माझी काजळाची मिशी घामानं हनुवटीपर्यंत आलेली.

नंतर फिशपाँड. निवेदकानं चिठ्ठी वाचली : ‘वेल्ह्याच्या वहिनी, आवरा लवकर, सासूबाई एसटी स्टँडवर उभ्या आहेत!’ हॉल कोसळला. पुढचं अख्खं वर्ष त्याला ‘वहिनी’ हेच नाव पडलं. पुढच्या गॅदरिंगला तो आलाच नाही. आणि मला? ‘वाघीण’! म्हणजे बाईनं पुरुष व्हायचं ते प्रमोशन आणि पुरुषानं बाई व्हायचं ते डिमोशन. अप्रेझलचा हा फॉर्म कुणी बनवला देव जाणे.

कारण आपला इतिहास तर वेगळंच सांगतो ना. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९११ च्या ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले. त्यांच्या साड्या-दागिन्यांची फॅशन घरंदाज बायका उचलायच्या. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्या शेजारच्या सासवडच्या अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिलं, विजय चव्हाणांनी ती मावशी गाजवली. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तल्या लक्ष्या-सचिनच्या साड्यांवर आपण अजून हसतो, तेही प्रेमानं. पण तमाशापटांत आयुष्यभर नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांकडे लोक पडद्याबाहेरही त्याच नजरेनं बघत राहिले. साडी तीच. मोठ्या नटानं नेसली की कला, शेजारच्या पोरानं नेसली की टोमणा.

आता खरं सांगून टाकते. ती फिशपाँडची चिठ्ठी माझी होती. टाळ्या त्याला जास्त पडल्या होत्या, दुसरं काही नाही.

मैत्रिणीसाठी म्हणून त्याला फोन लावला. इतक्या वर्षांनी. म्हणाला, ‘‘नेसवतो की. लग्नात बायकोला काष्टा मीच घालून दिला.’’ मी चाचरत फिशपाँडचा विषय काढला. तो हसला. ‘‘अगं, निवेदकाकडनं मी चिठ्ठी मागून घेतली होती. तुझी जर्नल्स कॉपी करून पास झालोय मी, तुझं अक्षर ओळखणार नाही होय?’’

मला पुढं बोलवेना. तोच म्हणाला, ‘‘आषाढात ये लावणीला. बघू तुझी कंबर किती टिकते.’’

जाणार आहे. मिशी न लावता.