पाळी कोणाची?

विटीदांडूचा डाव मांडण्यापूर्वी पोरे आधी नियमांवर भांडतात. आळीआळीचा नियम निराळा. पण तो ठरतो मैदानावर उभ्या असलेल्यांच्या संमतीने. पीटर सूबर या अमेरिकी तत्त्वज्ञाने या भांडणालाच खेळाचे रूप दिले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘नॉमिक’ खेळात पाळी आली की नियमबदलाचा प्रस्ताव मांडायचा व सर्वांनी त्यावर मत द्यायचे. काही नियम बहुमताने बदलतात. काहींना एकमताखेरीज हात लावता येत नाही. मात्र जो नियम सोसणार त्यालाही पाळी असली पाहिजे, ही या खेळाची खरी अट आहे.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात नेमकी हीच अट मोडली गेली आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेस दिला असून त्यास साधे बहुमत पुरते. संबंधित विधिमंडळांचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. ज्या गावावरून रेषा जायची, त्या गावास विचारण्याची तर तरतूदच नाही. कागदावर इतका सुलभ असलेला हा बदल १९५६ पासून या भागाच्या वाट्यास आलेला नाही. ज्यांना पाळी आहे त्यांना निकड नाही. ज्यांना निकड आहे त्यांना पाळी नाही.

मापेही एक राहिली नाहीत. आंध्र-मद्रास सीमा १९५९ च्या कायद्याने जुळविताना खेडे हा घटक, भौगोलिक सलगता व भाषिक बहुमत हे पाटसकर सूत्र मानले गेले. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्रास देऊ केली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. मत दिले म्हणून गडीच बाद!

२०१८ व २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, तेव्हा भावना ओसरली, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर जनतेस थेट विचारण्याचे भय कशाला? गोमंतकाला १६ जानेवारी १९६७ रोजी विचारले गेले. १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. तो कौल कोणास रुचला, कोणास बोचला. पण तो आमचा होता.

तथापि केवळ बहुमत म्हणजे न्याय नव्हे. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या अलीकडे काही कन्नड भाषक आणि पलीकडे काही मराठी भाषक उरणारच. म्हणून मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देणारे ३५०-अ कलम हा दोन्ही राज्यांनी न बदलता येणारा नियम मानावा, आणि बाकीचे गावागावास विचारून ठरवावे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याला दोन दशके उलटली. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. गावाला आपली पाळी मिळाल्याखेरीज हा डाव संपला असे म्हणता येणार नाही.