ओट्यावरच्या गप्पा : बंद केलेला संघ

मायबहिणींनो, आंबे उतरवायचा झेला डोळ्यांपुढे आणा. लांब काठी आणि टोकाला जाळीची पिशवी. आता ती काठी तीन-साडेतीन फुटांची करा, पिशवी अगदी उथळ करा आणि आंब्याच्या जागी मुठीत मावेल असा टणक रबरी चेंडू ठेवा. तो खाली पडू न देता पळत सुटायचे, झेल्यातूनच सोबतिणीकडे फेकायचा, तिनेही झेल्यातच धरायचा, आणि शेवटी सहा फूट रुंद व सहा फूट उंच चौकटीत मारायचा. एका बाजूला बारा जणी, त्यांतली एक चौकट राखणारी. पळताना चेंडू निसटू नये म्हणून काठी सारखी झुलवत ठेवावी लागते. तिकडेही त्या झुलवण्याला पाळण्यावरूनच नाव पडले आहे. या खेळाला म्हणतात लॅक्रॉस.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. गोऱ्या लोकांनी तो त्यांच्याकडूनच उचलला. लुइसा लम्सडेन नावाच्या स्कॉटलंडच्या शिक्षिकेने कॅनडात तो पाहिला, आणि १८९० साली तिकडच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत तो सुरू झाला. तिथल्याच एका विद्यार्थिनीने, रोझाबेल सिंक्लेअरने, १९२६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या शाळेत मुलींचा संघ उभा केला. म्हणजे खेळ समुद्र ओलांडून गेला आणि बायकांच्या हाती पडून परत आला!

कॉलेजच्या मुलींना मात्र पुष्कळ वर्षे हौसेवरच भागवावे लागले. १९७२ साली तिकडे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. खेळही त्यात आले. मग १९८२ साली कॉलेजांच्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेने मुलींच्या लॅक्रॉसची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या मुलींनी ट्रेंटन स्टेटला ९-६ असे हरवले. तेव्हापासून मे महिना सरत आला की ही स्पर्धा रंगते. हरला तो संघ घरी, जिंकला तो पुढे.

मला सांगायचे आहे ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे. तिथे १९८२ पासून सिंडी टिमचल या बाई मुलींना शिकवीत होत्या. १९९१ च्या हंगामाला त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या. आणि १९९२ नंतर नॉर्थवेस्टर्नने संघच बंद केला. मुलींना खेळायचे तर आपल्या हौसेने खेळा. कायदा होऊन वीस वर्षे झाली होती बरे का! कायदा कागदावर असतो, पैशाची कात्री कोणाच्या तरी हातात असते. त्या नऊ वर्षांत तिथे शिकून गेलेल्या मुलींचे दिवस काही कोणी परत आणून दिले नाहीत.

इकडे मेरीलँडला टिमचलबाईंनी कमाल केली. १९९५ ते २००१, ओळीने सात अजिंक्यपदे. त्यांच्या हाताखाली केली अमाँटी नावाची एक मुलगी तयार झाली. १९९५ आणि १९९६ च्या विजयी संघांत ती होती.

२००२ साली नॉर्थवेस्टर्नने संघ पुन्हा उभा केला, तेव्हा शिकवायला हीच केली आली. आता लग्न होऊन अमाँटी हिलर झालेली. गुरू जिथून गेली तिथेच शिष्या आली, पण वारशात नुसते मोकळे मैदान. ज्या पूर्वेकडच्या राज्यांत हा खेळ शाळेपासून खेळतात, तिथल्या तरबेज मुली नव्या संघाकडे कशाला येतील? तेव्हा बाईंनी असतील त्यांतूनच गडी निवडले. विद्यापीठाच्या आवारात दोन जुळ्या बहिणी त्यांच्या नजरेत भरल्या. अंग कसलेले, पण लॅक्रॉस कधी खेळलेल्या नाहीत. बाईंनी त्यांनाच खेळायला बोलावले. घरात बियाणे नसले की हुशार शेतकरी रडत बसत नाही, हाताशी आहे त्यातले चांगले निवडतो. तसेच हे.

चौथ्याच हंगामात, २००५ साली, या संघाने एकवीस सामने खेळले आणि एकवीसही जिंकले. ॲनापोलिसच्या अंतिम सामन्यात व्हर्जिनियाला १३-१० असे हरवले. तोपर्यंत हे अजिंक्यपद पूर्वेकडच्या कॉलेजांच्या बाहेर कधी गेलेच नव्हते. मग २००९ पर्यंत दरवर्षी त्याच. पुढे २०११, २०१२, आणि मोठ्या खंडानंतर २०२३. पण खेळ म्हटला की हारही आली. २०२४ च्या अंतिम सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊनही बॉस्टन कॉलेजने त्यांना १४-१३ असे गाठले. एका गोलाने! २०२५ लाही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचल्या आणि नॉर्थ कॅरोलिनाकडून ८-१२ अशा हरल्या.

एक गंमत मात्र राहिलीच. २००५ च्या विजयानंतर मुलींना अध्यक्ष बुश यांच्या घरी, व्हाइट हाउसमध्ये, बोलावणे आले. सगळ्यांचा फोटो निघाला आणि पुढच्या रांगेतल्या काही मुलींच्या पायांत चक्क रबरी पट्ट्यांच्या साध्या चपला! झाले, वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर काहूर उठले. एकीच्या भावानेही तिला, अगं, तू अध्यक्षांकडे असल्या चपला घालून गेलीस, असे विचारले म्हणे. एकवीस सामने राहिले बाजूला, देशभर चर्चा पोरींच्या पायांची. जावयाच्या वहाणा कोणी बघत नाही, सुनेच्या पायांतले मात्र गावभर होते, त्यातलाच हा प्रकार.

मुलींनी वाद घातला नाही. त्या हंगामात मेंदूत गाठ झालेल्या एका लहान मुलीशी संघाची मैत्री जमली होती. तीही लॅक्रॉसची वेडी. या मुलींनी तिला आपल्यातलीच मानले होते. त्यांनी त्या बदनाम चपला लिलावात काढल्या आणि आलेले पैसे तिच्यासाठी दिले. पुढे त्या मुलीच्या वडिलांनी अशा आजारी मुलांची कॉलेजच्या संघांशी गाठ घालून देणारी संस्थाच काढली.