मजल्यावर बसायला जागा ठेवा

गिरगावातल्या आमच्या चाळीत गॅलरी जेमतेम चार फुटांची. नळावर, शाळेला, कामाला, जो तो तिथूनच जाणार. आजी दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसायची. मी दप्तर घेऊन निघाले की पाय आडवा घालायची, "तेराचा पाढा म्हण." म्हटल्याशिवाय वाट नाही. शेजारच्या काकू पाण्याला गेल्या की त्यांचं तान्हं बाळ तिच्याच मांडीवर. भेटायला म्हणून कुणी मुद्दाम निघत नसे.

आता आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. मला चाळ परत नको. रात्री आजोबांना धरून टोकाच्या संडासापर्यंत नेलेलं मी विसरलेले नाही. पण आई ब्याऐंशीची आहे. लिफ्टसमोर चार बंद दारं आणि दिवसासुद्धा ट्यूबलाइट. ज्येष्ठांचा कट्टा पोडियमवर, मुलांच्या झोपाळ्यांपासून लांब. तिथे जायचं तर आधी साडी बदलायची, मग गुडघ्यांची मनधरणी करायची. महिन्यातून दोनदा जाते, फार तर.

गेल्या पावसाळ्यात मी तिची खुर्ची दाराबाहेर ठेवली. समोरचा पहिलीतला मुलगा शाळेतून आला की तिच्याजवळ थांबू लागला. दोघं मिळून शेंगा सोलायची. पंधरा दिवसांत सोसायटीचं पत्र आलं: आग लागली तर वाट मोकळी हवी. नियम बरोबरच आहे. म्हणूनच बसायची जागा मुळात नकाशात हवी, वाटेला लागून पण वाटेबाहेर, उजेडाची.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सात-सात घरं एकेका लहान अंगणाभोवती बसवली. टॉवरमध्ये अंगण नाही मावणार. पण मजल्यावर एक खिडकी आणि तिच्याखाली बाक नक्की मावेल. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली माणसं पुनर्विकासात १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाताहेत. ही मोठी घरं त्यांच्या हक्काची आहेत. पण पुनर्विकासाच्या बैठकांत कार्पेट एरिया किती, कॉर्पस फंड किती, एवढंच विचारलं जातं. लिफ्टबाहेरच्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. नकाशे मंजूर होण्याआधीच तो काढायला हवा, कारण स्लॅब पडल्यावर भिंत सरकत नाही.

आईची खुर्ची सध्या उंबऱ्याच्या आत आहे. चार ते सहा आम्ही दार उघडं ठेवतो.