देवीचा वण आणि विषाणूची शिदोरी

साठीच्या पुढील वाचकांनी आपला दंड निरखून पाहावा. बालपणी देवी काढल्याचा वण बहुधा तेथे अजून सापडेल. त्या लशीत देवीचा विषाणू नव्हता. त्याच्याच कुळातील, पुष्कळ सौम्य असा ‘व्हॅक्सिनिया’ हा जिवंत विषाणू होता. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. व्हॅक्सिनियाचा अभ्यास मात्र आजही चालू आहे, कारण त्याची रीतच विलक्षण आहे.

डीएनए बाळगणारे बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि आपल्या जनुकांची आरएनए-नक्कल तेथील यंत्रणेकडून उतरवून घेतात. हा पाहुणा केंद्रकाबाहेरच मुक्काम करतो. नक्कल उतरवणारे विकर तो घरून शिदोरी आणावी तसे बरोबर आणतो. परंतु सुमारे दोनशे जनुकांपैकी आरंभ कोठून करावा, हे त्या विकराला दाखवावे लागते. ते काम डी६ व ए७ या दोन घटकांचे मिळून बनलेले प्रथिन करते. आरंभीच्या जनुकांपाशी ते डीएनएला चिकटते आणि विकराला तेथे आणते.

या पहिल्या फळीतून डीएनएच्या प्रती काढणारी सामग्री सिद्ध होते. प्रती निघाल्या की मधली फळी जागी होते आणि तिच्यातून शेवटची. मौज अशी की, हे आरंभाचे प्रथिन संसर्गाच्या उत्तरार्धात घडते! ते नव्या विषाणूंच्या पोटात भरले जाते, पुढच्या पेशीसाठी. ही साखळी मध्येच तोडता येते. २०२१ मध्ये अमेरिकेत देवीवरील उपचारासाठी मान्य झालेले ब्रिनसिडोफोव्हिर डीएनएच्या प्रती निघू देत नाही, म्हणून पुढच्या फळ्या उठतच नाहीत.

एमपॉक्स याच कुळातला. जुन्या लशीमुळे त्यापासून काही संरक्षण मिळते, पण त्यावर विसंबून राहू नये. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू मात्र निराळ्या कुळातला आहे. दंडावरील वण तेथे कामाचा नाही. घरातील वृद्धांच्या अंगावर एकाच बाजूस, पट्ट्यासारखे, दुखरे फोड उठले तर घरगुती लेपांत वेळ दवडू नये. नागिणीवरील औषध फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.