सांपडलें, पण कोणतें?

ज्या घरचीं मुलें पुण्यामुंबईस परदेशी बँकांच्या मेनफ्रेम यंत्रांवर काम करतात, त्या घरच्या वडील मंडळींच्या कानीं ‘एस८०६’ हीं अक्षरें पडलीं असतील. आयबीएम कंपनीनें एप्रिल १९६४ मध्यें सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्याच वंशांतलें झेड/ओएस हें तंत्र मागितलेला प्रोग्राम न सांपडल्यास ही खूण दाखवून काम थांबवितें. अमेरिकेंतल्या एका बँकेची रात्र म्हणजे आमची देगलूरची नरकचतुर्दशीची पहाट. आमचा पुतण्या याच कारणानें फराळाच्या ताटावरून उठला. व्याजआकारणी अडली होती.

वाचकहो, एकत्र कुटुंबांत जिन्नस कसा शोधतात तें आठवा. आधीं हाताशीं, मग आपल्या खोलींत, मग माजघरांत, शेवटीं कोठींत. यंत्रही प्रथम त्या कामानें स्मृतींत आणलेलें पाहतें. नंतर ‘स्टेपलिब’ हें त्या टप्प्यापुरतें ग्रंथालय, तें नसेल तरच ‘जॉबलिब’. पुढें सर्वांसाठीं स्मृतींत ठेवलेला ‘एलपीए’ विभाग, आणि अखेर ‘लिंकलिस्ट’ ही सामायिक ग्रंथालयांची मालिका. यांतील ‘तरच’ हा शब्द महत्त्वाचा. कोणी एका टप्प्यास नवें स्टेपलिब जोडलें, कीं त्या टप्प्यांत जॉबलिब उघडूनही पाहिलें जात नाहीं. त्या पहाटें हेंच झालें होतें. जॉबलिबमधील ग्रंथालयाचें नांव स्टेपलिबच्या यादींतही लिहितांच काम मार्गीं लागलें.

परंतु न सांपडणें हा आमच्या मतें सज्जन दोष. तो ओरडून सांगतो. खरें भय सांपडण्याचें आहे. देवघराच्या खुंटीवर गतवर्षाचें पंचांग राहिलें नि यंदाचें कोठींत पडलें, तर घाईंतला मनुष्य पहिलेंच काढील व भलत्याच दिवशीं एकादशी करील. यंत्रही त्या नांवाचें जें पहिल्यानें मिळेल तें घेतें. पाणिनीनें दोन तुल्यबल नियमांच्या विरोधांत नंतरच्यास मान दिला. येथें न्याय उलटा. जुनी प्रत आधींच्या ग्रंथालयांत राहून गेली, तर व्याज जुन्याच रीतीनें लागतें, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं. खातेदाराच्या हातीं हिशेब पडेपर्यंत कोणास पत्ता लागत नाहीं.

आणखी एक गोम आहे. लिंकलिस्टमधील ग्रंथालयांची सूची ‘एलएलए’ नांवाचा जणूं एक कारकून स्मृतींत धरून असतो. प्रोग्राम बदलला तरी ‘रिफ्रेश’ अशी आज्ञा होईपर्यंत तो जुन्याच प्रतीकडे बोट दाखवितो. म्हणून नवा प्रोग्राम चढविल्यावर ‘चाललें’ एवढें ऐकून झोंपूं नये. कोणत्या ग्रंथालयांतून कोणती प्रत आली, तें पाहावें. कित्येक ठिकाणीं प्रोग्रामच्या आरंभींच तो तयार झाल्याची तारीख नोंदींत छापवितात. ही चाल आम्हांस पसंत आहे.