पाण्यात न उतरताही परत येता आलं पाहिजे



दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक विषय हमखास निघतो. "या वेळी सगळे मिळून मालवणला जाऊ या. मुलांना स्नॉर्कलिंग करू दे." बघता बघता पाच-सहा कुटुंबं तयार होतात. कोणीतरी आयोजकाचा नंबर टाकतो आणि प्रश्न सुरू होतात. माणशी किती? जेवणात मासे आहेत का? खोली एसी आहे का? पाण्यातला व्हिडिओ काढून देणार का?

सगळे प्रश्न रास्त आहेत. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ऐन वेळी मुलाने 'नको' म्हटलं, किंवा समुद्रानेच 'नको' म्हटलं, तर काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या सहलीत पाण्यात न उतरताही आनंदाने परत येण्याची सोय आहे, त्याच सहलीत मुलांना पाण्यात उतरवावं. पैसे भरलेत, रजा काढली आहे, शेजारचा चिन्मय उतरला, मग आपणही उतरायलाच हवं, ही भावना समुद्रावर फार महागात पडते. मी हे शाळेच्या अधिकृत सहलीबद्दल लिहीत नाही. तिचे नियम आणि परवानग्या वेगळ्या असतात. हे आहे सुट्टीत चार घरं मिळून मार्गदर्शकासोबत जाणाऱ्या गटाबद्दल.

भीती घालण्याचा हेतू नाही, पण विसरूनही चालणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे डझनभराहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. ही माणसंही आपल्यासारखीच सुट्टीचा आनंद घ्यायला आली होती.

मुळात स्नॉर्कलिंग म्हणजे काय?

अनेक पालक स्कुबा आणि स्नॉर्कलिंग एकच समजतात. स्कुबामध्ये पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जायचं असतं. स्नॉर्कलिंगमध्ये आपण पाण्याच्या पृष्ठभागावरच पालथे तरंगतो. डोळे आणि नाक झाकणारा मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी आणि अंगात लाइफ जॅकेट. चेहरा पाण्यात, पाठ उन्हात आणि श्वास तोंडाने. एवढंच.

पण या 'एवढंच'मध्ये विज्ञानाचा अख्खा पाठ आहे. नळी जेमतेम हातभर लांब असते. मुलं विचारतात, "ती दोन मीटर लांब केली तर आपण खालून चालू शकू ना?" नाही. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे १०० ग्रॅम जास्तीचा भार येतो. म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर १० किलो! एवढं ओझं उचलून छाती फुगवणं जमत नाही. शिवाय लांब नळीत आपण सोडलेली हवाच पुन्हा आत येत राहते. प्रकाशाच्या अपवर्तनाचंही तसंच. मास्कमधून एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो. "एवढा मोठ्ठा मासा होता!" असं मूल सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, पाणी त्याला तसं दाखवत असतं.

ठरवण्याआधी काय विचारावं?

तारीख ठरवताना फक्त शाळेचं कॅलेंडर पाहू नका. पावसाळ्यात हे खेळ बंदच असतात. पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हाही मालवणचं पाणी जाहिरातीतल्या निळ्या काचेसारखं असेलच असं नाही. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ढोबळ हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. पाचवीच्या मुलांना अपूर्णांकाचं याहून छान उदाहरण कुठे मिळेल? अर्थात हा झाला वर्गातला हिशोब. पाण्यात उतरण्याची वेळ मात्र स्थानिक जाणकारानेच ठरवायची.

आयोजकाला पैसे देण्याआधी एवढं नक्की विचारा :

• एका मार्गदर्शकामागे पाण्यात किती मुलं? तो स्वतः पाण्यात असणार की बोटीतून सूचना देणार?
• आपली मुलं पाण्यात असताना बोटीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस आहे का?
• बोट नोंदणीकृत आहे का? तिची प्रवासीमर्यादा किती?
• लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आणि मास्क आहेत का? मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.
• प्रथमोपचाराचं साहित्य कुठे आहे? जवळचा दवाखाना कोणता?
• समुद्र खराब असल्याने फेरी रद्द झाली तर पैशांचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतलं तरी चालेल. कारण रद्द झाल्यावर पैसे बुडणार असतील, तर गटातला कोणी ना कोणी "जाऊ या हो, काही होत नाही" म्हणतोच. पैसे परत मिळणार असतील किंवा दुसरा दिवस मिळणार असेल, तर तोच माणूस शहाण्यासारखं बोलतो. जो आयोजक या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडे मूल सोपवू नये. जो शांतपणे उत्तर देतो, तो बहुधा पाण्यातही शांत राहतो.

तयारी घरातच सुरू होते

"पोहता येत नसलं तरी चालतं" असं सर्रास सांगितलं जातं. लाइफ जॅकेटमुळे शरीर तरंगतं हे खरं, पण मन तरंगत नाही. नाकाने श्वास घ्यायची सवय असलेल्या मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगून थेट समुद्रात उतरवणं म्हणजे पाटीवर अक्षर न गिरवताच परीक्षेला बसवणं.

म्हणून निदान महिनाभर आधी सुरुवात करा. आधी मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन चेहरा बुडवायचा. मग गावात किंवा जवळच्या शहरात तलाव असेल तर तिथे कमरेइतक्या पाण्यात मास्क आणि नळी लावून पाहायची. मास्क बसतो का हे तपासायची सोपी युक्ती आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास ओढायचा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मध्ये केसांची बट आली तरी पाणी शिरतं. बाबांच्या मिशीनेही शिरतं, तेव्हा बाबांनी मुलांवर ओरडू नये!

दमा, फिट्स, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मार्गदर्शकालाही सांगा. लाजून लपवू नका.

खुणाही शिकवा. आपली मुलं आनंदात अंगठा वर करतात. पाणबुड्यांच्या भाषेत मात्र वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मला वर जायचं आहे' असा होतो. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. पृष्ठभागावर हात उंच करून हलवणं ही मदतीची हाक समजली जाते. म्हणजे आईच्या कॅमेऱ्याकडे बघून केलेला 'टाटा' कोणाची तरी धावपळ उडवू शकतो. निघण्याआधी मार्गदर्शकाबरोबर सगळ्या खुणा एकदा पक्क्या करा. आणि 'कोण जास्त वेळ श्वास रोखतो' ही पैज पूर्ण बंद. जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणाऱ्याची शुद्ध पाण्याखाली हरपू शकते, तीही काही कळायच्या आत.

'नको' म्हणण्याचा हक्क

आता मुख्य मुद्दा. बोटीच्या काठावर बसलेलं मूल कधी कधी गप्प होतं. हात घट्ट धरतं. आपण काय म्हणतो? "अरे, ती लहान असून उतरली बघ!" "एवढे पैसे भरलेत!" "घाबरट कुठला!" ही तीन वाक्यं बोटीवर कोणीही उच्चारायची नाहीत, असा ठराव गटाने निघण्याआधीच करावा.

घाबरलेलं मूल पाण्यात भराभर श्वास घेतं, नळी सोडून देतं, शेजारच्याला मिठी मारतं. त्यामुळे धोका त्याला एकट्यालाच नसतो. पण त्याहून महत्त्वाचं असं की, आपल्या शरीराचं ऐकून 'मला आत्ता नको' म्हणता येणं हे शिक्षणच आहे. जे मूल समुद्रावर हे म्हणायला शिकलं, ते उद्या मित्रांच्या टोळक्यातही म्हणू शकेल. त्याला बोटीवर काम द्या : पाण्यात किती जण, बाहेर किती, याची मोजणी त्याच्याकडे. पुष्कळदा अर्ध्या तासाने तेच मूल म्हणतं, "आता मी जाऊ?" आणि नाही म्हणालं तरी बिघडलं काय?

हाच हक्क मार्गदर्शकालाही हवा. तिथले अनेक मार्गदर्शक मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत. वाऱ्याकडे बघून त्यांना जे कळतं, ते आपल्याला मोबाइलवर दिसत नाही. त्यांनी "आज नको" म्हटलं की घासाघीस करायची नाही. मुलांसमोर त्यांना 'काका', 'दादा' म्हणून मानाने हाक मारा. मुलं आपलं बघूनच शिकतात.

समुद्र आपल्या मालकीचा नाही

मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथले प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते सजीव आहेत. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं हा गुन्हा ठरतो. फोटोत मासे जास्त यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकली जातात, त्यालाही नम्रपणे नकार द्या. पाव हे माशांचं अन्न नाही आणि माणसाच्या हाताकडे धावायची सवय त्यांच्या भल्याची नाही. चार मासे कमी दिसले तरी चालतील, ते आपल्या मर्जीने आलेले असावेत.

फेरी रद्द झाली तर?

तर रडत बसायचं कारण नाही, पण बेत आधीच हवा. समुद्र बोटीच्या फेऱ्यांपुरता शांत असेल तर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहता येईल. तोही बंद असेल तर ओहोटीच्या वेळी, स्थानिक माणसाला विचारून, रॉक गार्डनच्या खडकांतली डबकी काठावरून न्याहाळा. खेकडे, शंख, छोटे मासे असं सगळं तिथे मास्क न लावताही दिसतं. संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालतो, तो ऐका. रापण ओढत असतील तर लांबून बघा. उधाण, भांग, रापण, खाडी हे शब्द पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं.

शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. सुट्टीनंतर वर्गात 'मी केलेली सहल' हा निबंध आपण देतोच. या वेळी त्यात एक प्रश्न घाला : 'सहलीत तुम्ही कोणती गोष्ट करायची नाही असं ठरवलं, आणि का?' मुलं काय लिहितात ते बघा. आणि पालकहो, व्हॉट्सअॅप गटावर पुढच्या वेळी आयोजकाचा नंबर आला की जेवणाआधी हा प्रश्न टाका : "आम्ही उतरलो नाही तर चालेल ना?" उत्तर 'हो' असेल, तर बॅगा भरायला हरकत नाही.